मनालीत सकाळी टायरची हवा कमी का दाखवते? पंक्चर समजण्याआधी हे तपासा

लक्षणं आधी सांगतो, तुमची जुळतात का बघा.

संध्याकाळपर्यंत गाडी ठणठणीत होती. रात्री मनालीत हॉटेलच्या अंगणात उभी केली. सकाळी काचेवर बर्फाचा पापुद्रा, आणि गाडी चालू केली की डॅशबोर्डवर पिवळा दिवा, घोड्याच्या नालेसारखा, मधे उद्गारचिन्ह. स्टेअरिंग कालच्यापेक्षा जड लागतं. अर्धवट वितळलेल्या बर्फाच्या रबड्यात शिरलं की गाडीचं तोंड तुम्ही वळवाल तिकडे जात नाही, जरा उशिरा वळतं. दहा-पंधरा किलोमीटर गेलं की दिवा आपोआप विझतो आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा हजर. काहींचा दिवा विझतच नाही आणि चारांपैकी एक चाक डोळ्यांनी बघितलं तरी बसलेलं दिसतं.

नागपुरात कामठी रोडवर माझं टायरचं दुकान आहे. २० डिसेंबर ते १० जानेवारी या दिवसांत मला सकाळी सातच्या आसपास फोन येतात, आणि वाक्य ठरलेलं असतं: "भाऊ, तुम्ही ३३ भरून दिली होती न? मग इथे २७ कशी दाखवून राहिली?" झिरो माइलवरून निघालेला माणूस ४४ नंबरच्या महामार्गाने सिवनी, नरसिंगपूर, सागर, झांशी, ग्वाल्हेर, दिल्ली करत अंबाल्यापर्यंत जातो आणि तिथून डोंगराकडे वळतो. दीड हजार किलोमीटरच्या वर रस्ता. एवढ्या वाटेत पंक्चर झालं असेल असं वाटणं साहजिक आहे. पण दहापैकी सात-आठ फोनांत पंक्चर नसतं. म्हणून खाली ज्या क्रमाने सांगतो त्याच क्रमाने बघा. पहिल्या तीन गोष्टींना पैसा लागत नाही किंवा अगदी थोडा लागतो.

हात न लावता बघायची गोष्ट

चारही चाकांची हवा सारखी उतरली आहे की एकाचीच? बाकी सगळं या एका प्रश्नावर उभं आहे. चारही टायरला एकाच रात्री खिळा लागत नाही. चारही पाच-सहा पौंडांनी खाली असतील (पीएसआयला आमच्याकडे पौंडच म्हणतात) तर तो थंडीचा आणि वाटेत सोडलेल्या हवेचा खेळ आहे, गळती नाही. तीन टायर २९-३० वर आणि चौथा २२ वर असेल तर त्या चौथ्यात काहीतरी आहे, सरळ व्हॉल्व्हच्या भागाकडे उतरा.

दिव्यावर सगळा भरवसा टाकू नका. काही गाड्यांत प्रत्येक चाकात सेन्सर असतो, तो खरोखर दाब मोजतो. काही गाड्यांत सेन्सरच नसतो. तिथे गाडी एबीएसकडून (ब्रेक लावताना चाक अडकू न देणारी यंत्रणा) चाकांचे फेरे मोजते आणि एखादं चाक इतरांपेक्षा जास्त फिरू लागलं की समजते की ते बसलं. चारही चाकं सारखीच बसली तर अशा गाडीला फरक कळायला कठीण जातं. दिवा लागला नाही म्हणून हवा बरोबर आहे असं धरून चालणारे लोक मला जास्त काळजीचे वाटतात. आणि दिवा लागला की हवा न भरता नुसतं 'रीसेट' करणारेही आहेत. त्यांनी गाडीला फक्त एवढं शिकवलं की आजपासून कमी हवाच बरोबर.

स्टिकर वाचा

ड्रायव्हरचं दार उघडलं की खांबावर एक स्टिकर असतो. काही गाड्यांत तो पेट्रोलच्या झाकणाच्या आत असतो. त्यावर पुढच्या आणि मागच्या टायरचा आकडा असतो, आणि दोन ओळी असतात: कमी माणसं आणि पूर्ण भरलेली गाडी. नागपूरहून मनालीला जाणारी गाडी ही पूर्ण भरलेली गाडी. पाच माणसं, बॅगा, सोबत चिवड्याचा डबा आणि वर पाण्याचा कॅन. मागच्या टायरचा आकडा त्या ओळीत बहुतेक वेळा वाढलेला असतो आणि तो कोणी वाचत नाही.

टायरच्या अंगावर ४४ किंवा ५१ असा आकडा असतो, तो भरायचा नसतो. टायर जास्तीत जास्त किती सहन करतो तो आकडा आहे. एका निवृत्त मास्तरांनी तो वाचून चारही टायरमध्ये ४४ भरून आणली होती आणि वर म्हणाले, "कंपनीनेच लिहिलंय." कंपनीने लिहिलंय खरं, पण टायरच्या कंपनीने. गाडीच्या कंपनीचं म्हणणं दारावर आहे.

थंड टायर, स्वतःचा मीटर

थंड टायर म्हणजे किमान तीन तास उभी असलेली गाडी, किंवा जेमतेम दोन-तीन किलोमीटर चाललेली. दारावरचा आकडा याच अवस्थेचा असतो. महामार्गावर तास-दीड तास चाललेल्या टायरचा दाब तीन-चार पौंड वर जातो आणि त्यात बिघडलेलं काही नसतं, कारखान्याने तो हिशेब धरलेला असतो.

घोळ नेमका इथे होतो. लोक नरसिंगपूरच्या पुढे कुठेतरी चहाला थांबतात, शेजारी हवेची मशीन दिसते, मोजतात तर ३७. "बाप्पा, वाढली!" म्हणून चार पौंड सोडतात. प्रत्यक्षात त्यांनी थंड टायरची ३३ हवा २९ वर नेऊन ठेवलेली असते, कारण ३७ हा गरम टायरचा आकडा होता. मग हाच माणूस दोन दिवसांनी बर्फात उभा राहतो.

मीटर स्वतःचा घ्या. दोन-चारशे रुपयांत साधा मिळतो. वेगवेगळ्या पंपांवरचे मीटर एकमेकांशी जुळतीलच असं नाही. कोण चूक कोण बरोबर ते तुम्हाला कळत नाही, पण एकच मीटर सगळीकडे वापरला तर निदान फरक खरा कळतो. माझ्या दुकानातलाच मीटर एकदा दोन पौंड जास्त दाखवत होता. एका गिऱ्हाइकाच्या डिजिटल मीटरने ते पकडलं आणि मी महिनाभर लोकांना दोन पौंड कमी हवा देत होतो हे मला त्याच्याकडून कळलं. तेव्हापासून दोन मीटर ठेवतो.

मग पाच-सहा पौंड गेले कुठे?

गळून तरी गेले नाहीत. आधी थंडीचा वाटा बघू: थंडीत टायरमधली हवा तेवढीच असते, पण आखडते. बंद जागेतल्या हवेचा दाब तिच्या तापमानाबरोबर वरखाली होतो, ढोबळ मानाने दर सहा अंशांना एक पौंड.

हिशेब मांडून दाखवतो. डिसेंबरमधल्या दुपारी नागपुरात २८ अंशांत मी ३३ भरून दिली. मनालीत पहाटे उणे ५. म्हणजे ३३ अंशांचा फरक. नुसत्या थंडीने ती ३३ ची २८ च्या खाली यायला हवी. पण मनाली समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरच्या वर आहे आणि नागपूर जेमतेम ३१० मीटरवर. वर बाहेरची हवा विरळ, म्हणून बाहेरून टायरवर येणारा रेटा कमी. साधा मीटर आतल्या आणि बाहेरच्या दाबातला फरकच दाखवतो, त्यामुळे उंचीचे अडीच-पावणेतीन पौंड परत मिळतात. गोळाबेरीज, ३३ ची साधारण ३० ते ३१ दिसायला हवी.

आता फोनवरचा माणूस मला २७ सांगतो. मधले तीन-चार पौंड कुठले? त्याला विचारलं की वाटेत हवा कमी केली होती का, तर थोडा वेळ शांतता, मग "हो, थोडीशी." वर नरसिंगपूरचा जो हिशेब सांगितला तोच. थंड २९ ची मनालीत बरोब्बर २७ होते. डोंगराने दोन घेतले, चार आपण सोडले.

नागपुरातही हे होतं, फक्त उंचीची भरपाई मिळत नाही. २०१८ च्या डिसेंबरअखेर इथे पारा ३.५ अंशांवर उतरला होता. त्या सकाळी दुकान उघडायच्या आधी माणसं उभी होती आणि प्रत्येकाला वाटत होतं की रात्री कोणी पोरांनी हवा सोडली. दुपारी २७ अंशांत भरलेली ३३ त्या पहाटे २९-३० दाखवणारच. एका काकांनी तर गल्लीतल्या पोरांना झापून झालं होतं.

नायट्रोजन भरला तर हे टळतं का, हा पुढचा प्रश्न नेहमीचा. टळत नाही. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो आणि थंडीत तोही तेवढाच आखडतो. नायट्रोजन कोरडा असतो, रबरातून झिरपतो थोडा हळू, एवढा फायदा खरा आहे. मी तो विकतो, तरी सांगतो.

भरा. सोडू नका.

या जागी मला थोडं जास्त बोलू द्या, कारण याच कारणाने माझी स्वतःची एक रिम गेली आहे.

आपल्या नागपूरकरांना टायरची काही अडचण आली की हवा सोडायची सवय आहे. मे महिन्यात ४६ अंशांत समृद्धीवर जायचं, टायर फुटेल म्हणून २७ करून जातात. उलटं आहे ते. कमी हवेचा टायर जास्त दबतो, दर फेऱ्याला जास्त मुडपतो, त्या मुडपण्यानेच तापतो, आणि १२० च्या वेगाने तासभर तापलेला टायर फुटायला बाहेरचं ऊन निमित्त असतं. आणि हाच माणूस डिसेंबरात बर्फ बघितला की पुन्हा पिन दाबतो: "हवा कमी केली की पकड वाढते म्हणे."

हे म्हणणं सगळं खोटं नाही, म्हणूनच ते घातक आहे. वाळूत किंवा गुडघाभर भुसभुशीत बर्फात गाडी रुतली तर हवा कमी केल्याने टायर पसरतो, कमी रुततो आणि चालण्याच्या वेगाने बाहेर निघता येतं. पण मनाली-सोलंगच्या डांबरावर तुम्हाला भेटतो तो दाबलेला बर्फ आणि त्यावर पाण्याचा-बर्फाचा रबडा. तिथे टायरला तरंगायचं नसतं, रबडा कापून खाली डांबर गाठायचं असतं. पसरलेला टायर रबड्यावर चढतो. शिवाय हवा कमी असली की मधली नक्षी आत दबते, खाचा मिटतात आणि पाणी बाहेर फेकायची वाट बंद होते.

नासाने १९६० च्या दशकात विमानांच्या टायरसाठी एक ढोबळ सूत्र काढलं होतं: साचलेल्या पाण्यावर टायर ज्या वेगाला तरंगू लागतो तो वेग दाबाच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो. त्यात ३३ घातले तर ताशी ९५ किलोमीटरच्या आसपास उत्तर येतं, २२ घातले तर ७८. हे आकडे तुमच्या गाडीचे म्हणून धरू नका, झिजलेला टायर याच्या कितीतरी आधी तरंगतो. पण हवा उतरली की तो वेगही उतरतो, ही दिशा पक्की आहे.

आपल्याकडचा अनुभव आठवा. जुलैत उमरेड किंवा काटोलकडे रस्त्याचं काम चालू असतं, बाजूला काळ्या मातीचा गारा रस्त्यावर आलेला असतो. बसक्या टायरची गाडी त्यावर कशी वळवळते! बर्फाचा रबडा त्याचाच थंड भाऊ आहे.

माझी गोष्ट २०२२ च्या जानेवारीतली. अटल बोगदा ओलांडून सिस्सूला गेलो होतो. बोगदा नऊ किलोमीटरचा, तीन हजार मीटरच्या वर, आणि पलीकडचं जग एकदम वेगळं. कडेला गाडी थोडी रुतली. ओळखीच्या एकाने सांगितलं म्हणून चारही टायर २० वर आणले, गाडी निघाली, मी खूश. हवा भरायची मशीन मात्र घरी कामठी रोडवर. म्हटलं मनालीत भरू. बोगदा उतरून पलचानच्या अलीकडे रबड्याखाली एक धोंडा होता, तो दिसलाच नाही. ३३ हवा असती तर एक दणका बसून विषय संपला असता. २० वर टायर पूर्ण दबला, धोंडा थेट रिमच्या काठावर. अलॉय वाकलं, हवा फुसफुसत गेली. रात्री उणे तापमानात स्टेपनी लावताना बायको टॉर्च धरून उभी होती आणि एक शब्द बोलत नव्हती. टायरवाल्याला याहून मोठी शिक्षा नाही.

तर, सकाळी निघण्याआधी, थंड टायरवर, आहात त्या जागी मोजून दारावरच्या आकड्यापर्यंत भरा. तिथला माणूस दोन पौंड जास्त टाकू म्हणाला तर टाकू द्या, दिवसभर आणखी वर किंवा आणखी थंडीत जाणार असाल तर ते बरंच आहे. बारा व्होल्टच्या सॉकेटवर चालणारी छोटी मशीन सोबत घ्या. थंडीत बॅटरी आधीच अर्धमेली असते, म्हणून इंजिन चालू ठेवूनच वापरा.

एकच टायर उतरत असेल तर: आधी व्हॉल्व्ह

चारांपैकी एक उतरतोय हे नक्की झालं, की लगेच पंक्चरवाल्याकडे पळू नका. व्हॉल्व्हचं टोपण आहे का बघा. लोकांना ते शोभेचं वाटतं. टोपण नसेल तर रबड्यातलं पाणी व्हॉल्व्हमध्ये शिरतं आणि रात्री गोठतं. सकाळी तुम्ही मीटर लावला की पिन दबते, पण बर्फामुळे पूर्ण परत येत नाही, आणि मोजता मोजताच गळती सुरू होते. म्हणजे मोजण्याआधी ठीक असलेला टायर मोजल्यावर बसतो. टोपण असलं आणि त्यात आत रबराची चकती असली तर हा प्रकार होत नाही.

मग बोटावर साबणाचं पाणी किंवा, खरं सांगायचं तर, थुंकी घेऊन व्हॉल्व्हच्या तोंडावर लावा. बुडबुडा फुगला तर पिन सैल आहे किंवा गेली आहे. पिन काही रुपयांची असते, घट्ट करायची छोटी चावीही स्वस्त मिळते. तोंडावर काही नाही तर व्हॉल्व्ह हलकेच बाजूला वाकवून बुडाशी बघा. आपल्याकडच्या उन्हाने व्हॉल्व्हचं रबर कडक होतं आणि बुडाशी बारीक चिरा पडतात. नागपुरात ते गळत नाही, थंडीत रबर आणखी ताठ झालं की गळू लागतं. चिरा दिसल्या तर व्हॉल्व्ह बदलावा लागतो आणि त्यासाठी टायर रिमवरून उतरवावा लागतो, ते तुमचं काम नाही. म्हणून मी सांगतो, नवीन टायर टाकताना व्हॉल्व्हही नवे टाका. पन्नास-शंभर रुपये वाचवायची ही जागा नव्हे.

खिळा

नक्षीवर साबणाचं पाणी शिंपडा आणि चाक थोडं थोडं पुढे सरकवत बघा. खिळा दिसला तर उपसू नका. ट्यूबलेस टायरमध्ये तो खिळाच बूच म्हणून बसलेला असतो, हवा दिवसाला दोन-तीन पौंड जाते. उपसला की दोन मिनिटांत टायर खाली. हवा भरा, जवळच्या दुकानापर्यंत सावकाश जा. नक्षीच्या मधल्या भागात असेल तर स्ट्रिप (भोकात खुपसायची चिकट रबरी पट्टी) मारून काम होतं. लांबचा प्रवास बाकी असेल तर आतून मशरूम पॅच (छत्रीच्या आकाराचं रबरी ठिगळ) लावून घ्या, थोडा वेळ आणि पैसा जास्त जातो पण परतीची चिंता मिटते.

रिमच्या काठावरची गळती

खिळा नाही, व्हॉल्व्ह ठीक, तरी आठवड्याला चार-पाच पौंड जातात. ही तक्रार नागपुरात पावसाळ्यानंतर जास्त येते, आणि लोक ती तशीच घेऊन डोंगरात जातात. टायर रिमवर जिथे घट्ट बसतो त्या काठाला आम्ही बीड म्हणतो. काळी माती ओली असताना लोण्यासारखी आत शिरते आणि वाळली की दगड होते. तिचा कण बीडमध्ये अडकला किंवा अलॉयचा काठ खायला लागून खरखरीत झाला की हवा केसाएवढ्या वाटेने जात राहते. ऊन असेपर्यंत रबर मऊ असतं, ती फट भरून काढतं. शून्याखाली ते ताठरतं आणि फट उघडी पडते. म्हणून 'घरी ठीक होती, तिथेच गळायला लागली' असं वाटतं.

चाक आडवं ठेवून काठाभोवती साबणाचं पाणी ओतलं की बारीक फेस येतो. उपाय म्हणजे टायर उतरवणं, रिमचा काठ घासून साफ करणं, बीडला सीलर लावणं आणि परत बसवून बॅलन्सिंग. मशीनशिवाय होत नाही, आणि निघायच्या दोन आठवडे आधी करून घ्यायचं काम आहे. मनालीत पोचल्यावर सुचलं तर रोज सकाळी हवा भरत दिवस काढा आणि घरी येऊन करा. अर्थात रात्रीत तीन पौंडांहून कमी जात असेल तरच.

हवा बरोबर, तरी घसरते

मग दोष हवेचा नाहीच. आपल्याकडे गाडीसोबत येणारे टायर उन्हाळी रबराचे असतात. साधारण सात अंशांच्या खाली ते रबर कडक होऊ लागतं आणि बर्फावर त्याची पकड हवा कितीही बरोबर केली तरी येत नाही. टायरच्या अंगावर 'एम प्लस एस' लिहिलेलं असेल तर तो चिखल-बर्फासाठी म्हणून कंपनीने सांगितलेला. खऱ्या हिवाळी टायरवर तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण असं चित्र असतं. चार दिवसांच्या सहलीसाठी असे टायर कोणी घेणार नाही आणि मी घ्यायला सांगणारही नाही. त्याऐवजी साखळ्या भाड्याने घ्या, ज्या चाकांना इंजिनची ओढ आहे त्यांना लावा (बहुतेक छोट्या गाड्यांत पुढच्या), आणि चाळीसच्या वर जाऊ नका. साखळी बसवण्याआधीही हवा बरोबर हवी, नाहीतर ती सैल होऊन चाकावरच्या पत्र्याच्या आत आपटते.

नक्षी किती उरली तेही बघा. कायद्याने मोटारीला १.६ मिलिमीटर चालते. बर्फाच्या रबड्याला ती पुरत नाही. ऑस्ट्रियात तर ४ मिलिमीटरच्या खाली गेलेला हिवाळी टायर हिवाळी मानतच नाहीत. टायरच्या अंगावर चार आकडी शिक्का असतो, उदाहरणार्थ २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नागपूरच्या सात-आठ उन्हाळ्यांतून गेलेला टायर नक्षी शाबूत असली तरी मी डोंगरात पाठवत नाही. गिऱ्हाईक म्हणतं, "तुम्हाला टायर विकायचाय." विकायचाय, खरं आहे. पण तो झिजून गोटा झालेला नसला तरी रबर सुकून बिस्किटासारखा झालाय, हेही खरं आहे.

इथे थांबा

टायरच्या बाजूला फुगा आला असेल, बाजूला चीर असेल, कुठेही आतली तार दिसत असेल, किंवा खिळा नक्षीच्या खांद्यावर अथवा बाजूला घुसला असेल, तर हवा भरून पुढे जाऊ नका. स्ट्रिप नको, सीलंटची बाटली नको. बाजूला मारलेली स्ट्रिप टिकत नाही आणि घाटात ती निघाली तर पुढचं बोलायला नको. एका रात्रीत एकाच टायरमधून तीन पौंडांपेक्षा जास्त गेले, दोनदा भरूनही, तरी गाडी हलवायच्या आधी माणूस बोलवा. रिम वाकली किंवा तडकली असेल तर तिथेच ठोकून सरळ करून देतो म्हणणाऱ्याला नमस्कार करा आणि स्टेपनी लावा. बसलेल्या टायरवर अर्धा किलोमीटरही गाडी चालवली असेल तर तो टायर उतरवून आतून बघितल्याशिवाय वापरायचा नाही. बाहेरून धड दिसतो, आतून रबराचा भुगा झालेला असतो.

आणि उतारावर, बर्फावर जॅक लावू नका. गाडीसोबत येणारा जॅक सपाट कोरड्या जमिनीसाठी आहे. गाडी सपाट जागी सरकवता येत नसेल तर इंडिकेटर लावून, माणसं उतरवून, कठड्यापासून लांब उभे राहा आणि स्थानिक मदत मागवा. बर्फ पडत असताना पोलिस बोगद्याकडे फक्त फोर बाय फोर किंवा साखळीवाल्या गाड्या सोडतात. तुमची थांबवली तर तिथली टॅक्सी करा, वाद घालू नका.

निघण्याआधी डिकीचं कव्हर उचलून स्टेपनी आहे का तेही बघा. २०२० पासून नियमाने टायर प्रेशर सेन्सर आणि दुरुस्तीचा किट असलेल्या मोटारीला स्टेपनी न देण्याची मुभा आहे, आणि गेल्या हिवाळ्यात एका पोराला हे मनालीतच कळलं. स्टेपनी असेल तर तिचीही हवा मोजा. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या स्टेपन्या पंधरा-वीसवर असतात.

परत येताना उलट हिशेब होतो. मनालीत उणे ५ ला ३३ भरलेली हवा नागपूरच्या दुपारी ३६ च्या घरात येते. घाबरायचं कारण नाही. अंबाल्यात मुक्काम केला असेल तर सकाळी गाडी हलवायच्या आधी एकदा मोजा आणि जास्तीची असेल तरच तेवढी सोडा. दुपारी ढाब्यावर नको.